घशाचा कैवारी : संत ब्लेझ यांच्या चरित्राला प्रस्तावना

माशाचा काटा घशात अडकला की कोकणातल्या घरात पहिला उपाय ठरलेला असतो. कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा करायचा आणि न चावता गिळायचा. त्याने भागलं नाही तर केळं. तेवढ्यानेही काटा हलला नाही आणि पोराचे डोळे पांढरे व्हायला लागले, की घरातली थोरली बाई त्याची पाठ थोपटता थोपटता कुलदैवताला हाक मारते. सहाव्या शतकात एटिअस नावाचा एक वैद्य होऊन गेला. तो अमिदाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकिरचा. त्याने वैद्यकावर सोळा भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. घशात अडकलेल्या हाडावरचे उपाय सांगताना त्याने एक उपाय असा दिला आहे : रोग्याचा गळा हाताने धरायचा आणि त्या हाडालाच बजावायचं, की हुतात्मा ब्लेझ तुला हुकूम करताहेत, वर ये नाहीतर खाली जा.

संत ब्लेझ यांच्याविषयी जे अगदी जुने उल्लेख हाती आहेत, त्यांतला हा एक. बिशपांच्या यादीत किंवा धर्मसभेच्या इतिवृत्तात न सापडता तो वैद्याच्या ग्रंथात सापडावा, ही मला या सगळ्या चरित्राची किल्ली वाटते. ब्लेझ कोण होते हे सांगणारी पोथी लिहिली जाण्याआधीच त्यांच्याकडे काय मागायचं हे लोकांना ठाऊक होतं. प्रस्तुत पुस्तक वाचताना हा क्रम मनात धरावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

कथा थोडक्यात अशी. ब्लेझ हे सेबास्तेचे बिशप. सेबास्ते म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं सिवास. त्या काळी तो रोमन साम्राज्याच्या आर्मेनिया प्रांताचा भाग होता. ते आधी वैद्य होते आणि लोकांनीच त्यांना बिशप निवडलं, असं परंपरा सांगते. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा ते डोंगरातल्या एका गुहेत जाऊन राहिले. तिथे रानातली जनावरं त्यांच्याकडे यायची. आजारी, जखमी जनावरं बरी होऊन जायची. आणि ब्लेझ प्रार्थनेला बसलेले असले तर ती गुहेच्या तोंडाशी थांबून राहायची. आखाड्यातल्या खेळांसाठी जनावरं धरायला आलेल्या शिकाऱ्यांना हा प्रकार दिसला आणि बिशप पकडले गेले. त्यांना सुभेदार अग्रिकोलाऊस याच्यापुढे नेत असताना वाटेत एका गरीब बाईने गाऱ्हाणं घातलं, की माझं एकुलतं डुक्कर लांडग्याने नेलं. ब्लेझ यांनी सांगितल्यावर लांडग्याने ते जिवंत परत आणून दिलं. दुसरी एक आई घशात माशाचा काटा अडकून मरायला टेकलेला मुलगा घेऊन आली, आणि त्यांच्या प्रार्थनेने तो वाचला. पुढे ते कैदेत असताना ती डुकराची बाई त्यांच्यासाठी जेवण घेऊन आली आणि अंधाऱ्या कोठडीत उजेड असावा म्हणून मेणबत्त्याही घेऊन आली. मग छळ झाला. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग सोलून काढलं आणि शेवटी शिरच्छेद केला.

यातलं इतिहासाच्या कसोटीला किती उतरतं? फार थोडं, आणि ते मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. चौथ्या शतकाच्या आरंभी सेबास्तेला या नावाचे बिशप होते आणि ते हुतात्मा झाले, एवढं मानायला हरकत नाही. त्यांची ‘कृत्ये’ म्हणून जी ग्रीक पोथी आहे, ती त्यांच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिलेली. मृत्यूचं साल ३१६ असं दिलं जातं, तेही जपून घ्यावं लागतं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनिअस या दोन सम्राटांनी मिळून ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मुभा दिली होती. पूर्वेकडचा धनी असलेल्या लिसिनिअसने नंतर ती फिरवली, पण त्याचा छळ वाढला तो साधारण ३२० च्या सुमारास. सेबास्तेलाच थंडीच्या रात्री गोठलेल्या पाण्यात उभे करून मारलेले चाळीस सैनिक हुतात्मे त्याच सुमाराचे. ३२४ मध्ये कॉन्स्टंटाईनने लिसिनिअसचा पराभव केला आणि ते प्रकरण संपलं. तेव्हा ब्लेझ यांचा मृत्यू या दहा-बारा वर्षांतला, इतकंच म्हणावं. गुहा, लांडगा, डुक्कर, काटा यांना कागदाचा आधार नाही.

मग हे पुस्तक कशासाठी, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारील. त्याचं उत्तर द्यायला मी बसलो आहे ते उमरठला, आणि माझ्या मते या प्रश्नाला उमरठहून चांगली जागा नाही.

पोलादपूरहून कापड्यावरून ढवळ्याच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचं गाव. त्यांची समाधी इथे आहे, शेलारमामांचीही आहे. माघ वद्य नवमीला, शके १५९१, इतिहासाच्या पुस्तकांत ४ फेब्रुवारी १६७० अशी तारीख आहे, तानाजीराव सिंहगडावर पडले. आणि त्यांचा देह केळदजवळच्या मढे घाटातून उतरवून इथे आणला, असं परंपरा सांगते. आता या चरित्रातलं जे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे ते कुठून आलं ते पाहा. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, जिंजीला बसून बखर लिहिली. तीत तानाजी आहेत, मावळे आहेत, उदेभान आहे. मावळे वानरांसारखे कडा चढले असं वर्णन आहे. घोरपड नाही. घोरपड आली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. आणि गडाला सिंहगड हे नाव तानाजीरावांच्या मृत्यूनंतर दिलं असं शाळेपासून ऐकत आलो, तरी ते नाव १६६३ च्या पत्रात आधीच आहे.

हे सगळं ठाऊक असूनही पुण्यतिथीला समाधीपाशी जमणाऱ्या माणसांच्या श्रद्धेत तसूभर फरक पडत नाही, आणि पडण्याचं कारणही नाही. मालुसऱ्यांच्या शाखा जिथे जिथे गेल्या तिथून माणसं येतात. गुलाल पडतो, पोवाडा उभा राहतो, आणि घोरपडीच्या कडव्याला अंगावर काटा येतोच. त्या कडव्यात लोकांनी काय साठवून ठेवलं आहे? कड्याची उंची, अंधारी रात्र, पहिला अपशकुन आणि त्यावर मात करणारी जिद्द. सभासदाने एका वाक्यात सांगितलेलं धाडस शाहिराने ऐकणाऱ्याच्या हाताला लागेल असं केलं. पोवाडा खरा की बखर खरी, असा वाद घालणाऱ्याला मी एवढंच म्हणेन, की गड कसा सर झाला याचा पुरावा बखरीत शोधावा आणि साडेतीनशे वर्षं माणसं त्या गडाकडे का बघत राहिली याचा पुरावा पोवाड्यात शोधावा. दोन्ही पुरावेच आहेत.

तानाजीरावांच्या बाबतीत कागदाची बाजू तरी भक्कम आहे. संत ब्लेझ यांच्या बाबतीत ती जवळजवळ नाही, म्हणून सगळा भार दुसऱ्या पुराव्यावर येतो : सतराशे वर्षं कोणी, कुठे, कशासाठी त्यांना हाक मारली. या पुस्तकाने तोच मार्ग धरला आहे, आणि तो योग्य आहे.

ख्रिस्ती धर्मात संतांचा सन्मान सुरू कसा झाला, याची पुसट का होईना पण जुनी खूण दुसऱ्या शतकातली आहे. स्मर्ना, आजचं इझमीर, इथले वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळून मारलं. तिथल्या मंडळींनी लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यांनी राखेतून बिशपांच्या अस्थी वेचल्या, हिऱ्यामाणकांपेक्षा मोलाच्या म्हणून नीट ठेवल्या आणि दर वर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. मृत्यूचा तो दिवस त्यांनी जन्मदिवस म्हणून पाळायला घेतला. त्या काळचे बिशप म्हणजे राजवाड्यातले धर्माधिकारी नव्हते. एका गावातल्या लहानशा मंडळींचे वडीलधारे, विधवा-पोरक्यांची सोय बघणारे, आणि धरपकड सुरू झाली की सर्वांत आधी ज्यांचं नाव शिपायांच्या तोंडी यायचं असे. पुण्यतिथी, समाधी, तिथे वर्षातून एकदा जमणं : मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. फक्त एक भेद ध्यानात ठेवायला हवा. चर्चची शिकवण अशी आहे, की आराधना एका देवाची; संताला मान द्यायचा आणि आपल्यासाठी देवाकडे मध्यस्थी करायला सांगायचं. ७८७ मध्ये निकिया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने हा भेद पक्का केला.

पुढे ब्लेझ यांच्या नावाभोवती काय काय जमत गेलं ते पाहण्यासारखं आहे, आणि त्याला प्रत्येक वेळी रोकडं कारण आहे.

लोकरीच्या फण्यांचंच घ्या. ही फणी म्हणजे लाकडी दांड्याला बसवलेले लांब, तापवलेले लोखंडी दाते. लोकरीचे लांब धागे त्यातून ओढून सरळ करतात आणि आखूड तुकडे मागे राहतात. ज्या हत्याराने बिशपांचं अंग फाडलं, तेच हत्यार रोज हातात धरणाऱ्या कारागिरांनी त्यांना आपला संत मानलं. यात काही विचित्र वाटत असेल तर तो कारागीर डोळ्यांपुढे आणावा. दिवसभर दाते तापवायचे, कोळशाचा धूर छातीत भरायचा, बोटं कापायची. आपल्या कामातला त्रास ज्याच्या अंगावरून गेला आहे, त्याच्याशी बोलणं सोपं जातं. इंग्लंडमध्ये धर्मक्रांतीनंतर संतांचे उत्सव मागे पडले, तरी ब्रॅडफर्डचे लोकर-कामगार दर सात वर्षांनी ‘बिशप ब्लेझ’ची मिरवणूक काढत. १८२५ ची मिरवणूक शेवटची मोठी. त्याच साली तिथल्या विंचरणाऱ्यांनी आणि विणकरांनी मजुरीसाठी मोठा संप केला आणि तो हरले. नंतर यंत्रं आली आणि हाताने लोकर विंचरणारा वर्गच नाहीसा झाला.

घशाचं कारण याहून खोल आहे. आज घसा दुखला की गोळी घेतो आणि विसरतो. पण लस येण्याआधी घटसर्प हा शब्द आयांच्या काळजात धडकी भरवणारा होता. घशात पांढुरका पडदा धरायचा, श्वास घरघरायचा आणि दोन-चार दिवसांत मूल हातातून जायचं. एका घरातली तीन-तीन मुलं एका आठवड्यात. १८९० च्या दशकात बेरिंगच्या संशोधनातून घटसर्पावरचं प्रतिविष आलं तोवर वैद्याच्या हातात फारसं काही नव्हतं. चौदाव्या शतकात युरोपभर प्लेगने माणसं मेली तेव्हा जर्मन भाषिक मुलखात ‘चौदा साहाय्यक संत’ असा एक समूहच भक्तीत आला. डोकेदुखीला एक, ज्वराला एक, अचानक मृत्यूला एक, तसे घशाला ब्लेझ. ज्या मुलखात पटकीला मरीआई आणि देवीच्या साथीला शीतळा होती, त्या मुलखातल्या वाचकाला याचा उलगडा करून सांगायला नको. १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या गावठाणांतून जे दगडी क्रूस उभे राहिले, त्यांच्यापुढे आजही मे महिन्यात दिवे लागतात आणि जपमाळ होते; भीतीने बांधलेली ती स्मारकं आहेत, आणि भीतीतून वाचल्याचीही.

गळ्याचा आशीर्वाद कसा देतात, हे जवळून पाहावं. आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीला, येशूच्या मंदिरार्पणाचा सण असतो आणि त्या दिवशी वर्षाच्या मेणबत्त्या आशीर्वादित करतात. त्यांतल्या दोन घेऊन तांबड्या फितीने फुलीसारख्या बांधतात. तांबडा रंग रक्तसाक्षीचा. ३ तारखेला मिस्सा झाल्यावर माणसं रांगेने पुढे येतात. फादर ती फुली हनुवटीखाली अशी धरतात, की एक मेणबत्ती गळ्याच्या एका अंगाला आणि दुसरी दुसऱ्या अंगाला येते. मेणबत्त्या पेटवलेल्या नसतात. ओठांतल्या ओठांत एक लहानशी प्रार्थना, हाताने क्रूसाची खूण, आणि माणूस बाजूला. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. लहान मुलं मेणाचा गार स्पर्श झाला की मान आखडून घेतात. म्हातारी माणसं पदर किंवा मफलर आधीच सैल करून ठेवतात. गाणारे येतात, शिक्षक येतात, घशाचं ऑपरेशन झालेले येतात. कोठडीतल्या बिशपांसाठी त्या बाईने आणलेल्या मेणबत्त्यांची ही आठवण आहे असं सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : या विधीत माणसाच्या शरीराच्या ज्या जागेला हात लावतात, तिथेच जीव अडकतो. एटिअसच्या ग्रंथातल्या वैद्याचा हातही तिथेच होता.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये ब्लेझ यांचा दिवस ११ फेब्रुवारी; आणि तिथे ते गुराढोरांचे संत म्हणून जास्त ओळखले जातात. गुहेत जनावरं येण्याची कथा त्या मुलखातल्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी उचलून धरली, बाकीची मागे ठेवली. कथेतला आपल्याला हवा तो भाग प्रत्येकाने घेतला, आणि म्हणूनच कथा टिकली.

एका अख्ख्या नगराने त्यांना आपलं केलं त्याची हकिगत या पुस्तकात विस्ताराने आहे. एड्रियाटिक समुद्रावरचं दुब्रोवनिक, पूर्वीचं रागुझा. तिथली आख्यायिका अशी, की दहाव्या शतकात व्हेनिसची जहाजं पाणी भरण्याच्या बहाण्याने बंदराबाहेर थांबली होती. स्तोयको नावाच्या धर्मगुरूला रात्री एक पांढऱ्या दाढीचे बिशप दिसले. त्यांनी सांगितलं, की वैरी तटावर चढणार आहेत, सावध व्हा. नगर वाचलं. ९७२ पासून तिथे संत ब्लेझ यांचा उत्सव चालू आहे, असं मानतात, आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशात जागा दिली. नगराच्या वेशींवर, नाण्यांवर, निशाणावर त्यांची मूर्ती असे. तिथल्या देवळातल्या चांदीच्या मूर्तीकडे इतिहासकारही वेगळ्या कारणाने बघतात. संतांच्या डाव्या हातात नगराची लहानशी प्रतिकृती आहे. १६६७ च्या भूकंपाने दुब्रोवनिक जमीनदोस्त झालं, १७०६ च्या आगीत जुनं देऊळही गेलं, मूर्ती वाचली. भूकंपाआधीचं नगर कसं होतं, कोणती इमारत कुठे होती, हे कळायला त्या तळहातावरच्या नगराचा आधार घेतात. श्रद्धेने घडवलेली वस्तू इतिहासाच्या कामी येते, याचं इतकं उघड उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

त्याच रागुझाच्या दर्यावर्दींचा धागा गोव्यापर्यंत येतो. जुन्या गोव्याच्या पूर्वेला, कुंभारजुव्याच्या खाडीलगत गवंडाळी हे गाव आहे. तिथलं सां ब्राझचं देऊळ सोळाव्या शतकातलं. पोर्तुगीजांच्या आश्रयाने व्यापाराला आलेल्या रागुझाच्या लोकांनी ते आपल्या ग्रामसंताच्या नावाने उभारलं, असं सांगितलं जातं, आणि क्रोएशियातल्या भारतविद्येच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत या दुव्याकडे लक्ष वेधलं आहे. मसाल्याच्या आशेने घरापासून हजारो कोस लांब आलेल्या खलाशाने इथल्या दमट खाडीकाठी आपल्या गावच्या संताचं नाव लावावं, यात मला परमुलखात देवघर मांडणारा चाकरमानी दिसतो.

पण इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. हा संत गोव्यात आला तो पोर्तुगीज सत्तेच्या गलबतातून. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६० ला धर्मन्यायालय आलं आणि ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. ज्या बिशपाला सत्तेने धर्मासाठी मारलं, त्याचं नाव धर्मासाठी छळ करणाऱ्या सत्तेच्या सावलीत इथे रुजलं, हा मोठा दुखरा विरोध आहे. ख्रिस्ती वाचकांनी तो टाळू नये आणि इतरांनी त्यावरच अडून बसू नये, असं मी मनापासून म्हणतो. कारण पुढच्या पिढ्यांतल्या ज्या आईने पोराचा गळा घेऊन सां ब्राझपुढे गुडघे टेकले, तिने कुणाचं देऊळ पाडलं नव्हतं. तिची भक्ती तिची होती, तिच्या बोलीतली होती.

बोलीचा मुद्दा आपल्याला विशेष जवळचा. संतचरित्र मराठीत सांगण्याची ख्रिस्ती परंपरा चारशे वर्षांची आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या. फ्रेंच जेजुइट एतिएन द ला क्रुआ यांनी संत पीटरचं चरित्र ओवीबद्ध केलं, ते १६२९ मध्ये गोव्यात निघालं. पीटर म्हणजे येशूचा शिष्य आणि परंपरेने रोमचा पहिला बिशप, तेव्हा आद्य ख्रिस्ती काळातल्या बिशपाचं मराठीतलं पहिलं मोठं चरित्र हेच म्हणावं लागेल. त्यात हिंदू समजुतींचं खंडन पानोपानी आहे आणि आज ते वाचताना मन विटतं. तरीही ओवी त्यांनी कशी वळवली हे भाषेच्या अभ्यासकाने पाहावं. पुढे १६५५ मध्ये आंतोनियु द साल्दान्या यांनी पादुआच्या संत अँथनींची चरित्रकथा लिहिली. आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एवढ्या मोठ्या परंपरेत ब्लेझ यांच्यासारख्या लोकप्रिय संताचं ऐसपैस मराठी चरित्र नसावं, ही उणीव होती. प्रस्तुत लेखनाने ती भरून निघते याचा मला आनंद आहे.

चरित्र म्हटलं की आमच्या तालुक्यातलं आणखी एक नाव डोळ्यांपुढे येतं. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या हयातीत त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचलं. ते अपुरं राहिलं. जे समोर पाहिलं, जवळच्यांकडून ऐकलं, ते महाभारताच्या थाटात त्यांनी मांडलं. त्यात अफजलखानाच्या वधाचे बारकावे आहेत आणि विष्णूच्या अवताराचं वर्णनही आहे. इतिहासकार पहिलं घेतात, दुसरं बाजूला ठेवतात. पण कवीला दोन्ही एकाच दमात सांगायचं होतं. संत ब्लेझ यांची ‘कृत्ये’ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक लेखकालाही तसंच करायचं होतं, हे ध्यानात घेऊन पुढची प्रकरणं वाचावीत.

आता अंबोलीविषयी. अंधेरीतल्या अंबोलीला, सीझर रोडवर, संत ब्लेझ यांचं चर्च आहे. पोर्तुगीज काळापासूनची ही वस्ती साष्टीच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची. भात पिकवणारे, ताडी काढणारे, मासे मारणारे. त्यांची घरची बोली मराठीच. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. १७७४ ला इंग्रज आले. राज्यं बदलली, जमिनी गेल्या, शेतांवर चाळी आणि मग इमारती आल्या, पण ३ फेब्रुवारी पाळायची राहिली नाही. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातली हजारो माणसं पोटासाठी अंधेरी-जोगेश्वरीत राहिली आहेत. अंबोली नाक्यावरून त्यांचं रोजचं जाणं-येणं. त्या चर्चच्या पाटीवरचं नाव वाचून कितीजणांना प्रश्न पडला असेल, की हे ब्लेझ कोण? हे पुस्तक मला सर्वांत आधी त्यांच्या हातात जावंसं वाटतं. आपल्या शेजाऱ्याच्या देवळातल्या संताची गोष्ट माहीत असणं हा शेजारधर्माचाच भाग आहे.

एक मागणं मात्र या निमित्ताने करून ठेवतो. दुब्रोवनिकच्या उत्सवावर लेख आहेत, माहितीपट आहेत. ब्रॅडफर्डच्या मिरवणुकीची छापील वर्णनं आहेत. अंबोलीच्या आणि गवंडाळीच्या भक्तीची मराठी-कोंकणी नोंद नावापुरतीच आहे. घटसर्पाच्या दिवसांत नवस काय बोलत, आशीर्वादित मेणबत्ती घरी आणून कुठे ठेवत, मूल आजारी पडलं की ती पुन्हा काढत का, गावातले हिंदू शेजारी त्या दिवशी पोरांना घेऊन रांगेत उभे राहत का, ताडीवाल्यांनी आणि कोळ्यांनी संताला आणखी कोणती कामं सांगितली, हे सगळं ऐंशी-नव्वदीच्या बायाबापड्यांच्या तोंडी आहे. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू मिळतील. नवस मिळणार नाहीत. ब्लेझ यांच्यासारख्या संताच्या बाबतीत तर नवस हेच मूळ साधन. कुणी तरुण अभ्यासक वही आणि रेकॉर्डर घेऊन अंबोलीच्या गावठाणात जाऊन बसला, तर या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला आजच्यापेक्षा मोठं शेवटचं प्रकरण मिळेल. उमरठच्या समाधीबद्दलही हेच काम व्हायचं आहे, आणि ते आम्ही गावातल्यांनीच करायचं आहे.

उमरठ, ता. पोलादपूर, जि. रायगड